परगावी उतरावे कोठे?

गेल्या महिन्यात नाशिकच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले. येत्या नाताळच्या सुटीत सासूबाई व दोन मुले यांसह त्या बँकॉकला जाणार आहेत. त्यांनी विचारले आहे, "तेथे स्वस्त, स्वच्छ आणि मोठ्या खोल्यांचे एखादे हॉटेल सुचवाल काय?" हे तिन्ही गुण उत्तमच आहेत, परंतु जो गुण पहिला हवा तोच या यादीतून राहून गेला आहे, असे आम्हांस नम्रपणे सुचवावेसे वाटते. हॉटेल कसे आहे हे पाहण्यापूर्वी ते कोठे आहे हे पाहावयास हवे. हे शहाणपण आम्ही पुस्तकातून मिळविलेले नाही. ते आम्हांस अनुभवाने आले आणि त्याची किंमत पैशांत मोजता येण्यासारखी नव्हती. म्हणून या खेपेस या सदरात स्वतःचीच फजिती सांगण्याचे आम्ही योजले आहे.

२०१८ सालच्या मे महिन्यातील गोष्ट. मातोश्री, आम्ही, घरची मंडळी आणि चिरंजीव असे चौघे बँकॉकला गेलो होतो. मातोश्रींचे वय त्या वेळी चौऱ्याहत्तर. परदेश पाहण्याची हौस त्यांना कधीच नव्हती. पण तेथील राजवाड्याच्या आवारात पाचूच्या बुद्धाचे देऊळ आहे, त्या देवळाभोवती लांबच लांब ओवरी आहे आणि तिच्या भिंतींवर संबंध रामायण १७८ चित्रांत रंगविलेले आहे, असे चिरंजीवांनी त्यांना सांगितले. दर चैत्रात रामायणाची पोथी वाचणाऱ्या मातोश्रींना एवढे पुरे झाले. "परक्या मुलखातल्या माणसांना आपला राम कसा दिसला, तेवढे मला एकदा पाहू दे," असे त्या म्हणाल्या. एरवी कोणापाशी काही न मागणाऱ्या माणसाची ही मागणी होती.

हॉटेल ठरविण्याचे काम आम्ही आणि चिरंजीव यांनी मिळून केले. दोन हॉटेले समोर होती. पहिले उन्नत आगगाडीच्या स्थानकाला लागून होते. खोली मात्र अगदी बेताची. दुसऱ्याची खोली ऐसपैस, गच्चीवर पोहण्याचा हौद, सकाळची न्याहारी त्यांच्याकडची, आणि भाडे रोजी ७०० बाटने कमी. चार रात्रींचे २८०० बाट वाचणार, हा हिशेब आम्हांस फार गोड वाटला. घरातून प्रश्न आला, "अहो, पण स्थानक तेथून किती लांब?" चिरंजीवांनी जाहिरात वाचून दाखविली, "स्थानकापासून पाच मिनिटे." आम्ही मान डोलावली आणि पैसे भरून मोकळे झालो.

ती पाच मिनिटे पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावरून मोटारसायकलने जाणाऱ्याची होती, हे तेथे पोहोचल्यावर कळले. हॉटेल एका लांबलचक गल्लीच्या अगदी पोटात होते. गल्लीला पदपथ जेमतेम होता आणि जेथे होता तेथे खाद्यपदार्थांच्या गाड्या उभ्या होत्या. पायी स्थानकापर्यंत जावयास आम्हांस अर्धा तास लागे. मातोश्रींच्या पावलांनी किती लागला असता हे विचारू नये. त्यामुळे प्रत्येक वेळी टॅक्सी बोलावणे आले. पहिले तीन दिवस आसपासच्या जागा पाहण्यात गेले आणि राजवाडा आम्ही शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवला. गोड पदार्थ शेवटी वाढावा, तसा काहीसा विचार त्यात होता.

तो दिवस शुक्रवार होता. रात्री परतीचे विमान होते. नकाशात राजवाडा सुमारे चौदा किलोमीटर दिसत होता. तेव्हा एक तास धरला म्हणजे पुष्कळ झाला, असे म्हणून जेवणे आटोपून पाऊण वाजता आम्ही निघालो. मातोश्रींनी मुद्दाम बरोबर आणलेले ठेवणीतले पातळ नेसले होते. गाडी गल्लीच्या तोंडाशी पोहोचण्यापूर्वीच पावसाने गाठले. नुसत्या त्या गल्लीतून बाहेर पडावयास चाळीस मिनिटे लागली. मुख्य रस्त्यावर आलो तो दृष्टी पोहोचेल तेथवर तांबड्या दिव्यांची रांग. डोक्यावरच्या पुलावरून मात्र दर चार-पाच मिनिटांनी आगगाडी सळसळत पुढे जाई आणि आम्ही खालून तिच्याकडे पाहत बसू. चिरंजीव दोनदा म्हणाले, "बाबा, येथेच उतरू या आणि गाडीने जाऊ या." आम्ही दोन्ही वेळा म्हणालो, "आता येथवर आलोच आहोत, सुटेल पुढे." सुटले नाही. राजवाड्याच्या दाराशी पोहोचलो तेव्हा तीन वाजून चाळीस मिनिटे झाली होती. तिकिटे साडेतीन वाजता बंद होतात. पहारेकऱ्याने हात जोडून नम्रपणे नकार दिला. तो तरी काय करणार!

मातोश्री पांढऱ्या तटाबाहेर उभ्या राहिल्या. पाऊस थांबला होता आणि आतले सोनेरी कळस उन्हात चमकत होते. त्यांनी हात जोडले आणि म्हणाल्या, "कळसाचे दर्शन झाले. पुष्कळ झाले." त्यानंतर तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. परतीच्या वाटेवर टॅक्सीत कोणी फारसे बोलले नाही. पुढल्याच वर्षी त्यांच्या डोळ्यांना काचबिंदू असल्याचे निघाले, आणि औषधोपचार करूनही त्यांची दृष्टी हळूहळू जात राहिली.

आता आमचे चुकले कोठे, ते पाहू. आम्ही अंतर किलोमीटरांत मोजले. ज्या शहरात ते घटकांत मोजावयाचे तेथे आम्ही नकाशावर पट्टी ठेवून हिशेब केला, ही मूळ चूक. आणि बँकॉक असे का झाले आहे, हे एकदा समजले म्हणजे उतरावे कोठे याचे उत्तर आपोआप मिळते.

बँकॉक हे मुळात पाण्याचे शहर. पहिल्या राम राजाने १७८२ साली चाओ फ्राया नदीच्या पूर्व काठावर राजधानी वसविली, तेव्हा येणे-जाणे नावेने होई आणि कालवे हेच हमरस्ते असत. गाड्याघोड्यांसाठी आधुनिक पद्धतीचा पहिला मोठा रस्ता, चारोन क्रुंग, हा राजा मोंगकुट याच्या कारकिर्दीत १८६४ साली पुरा झाला. पुढे मोटारी आल्या तसे पुष्कळ कालवे बुजवून त्यांचे रस्ते करण्यात आले. मुख्य रस्ते थोडेच राहिले आणि त्यांना फुटलेल्या गल्ल्या मात्र शेकडो. या गल्लीला तेथे 'सोई' म्हणतात. आपल्या पुण्या-मुंबईत एक रस्ता तुंबला तर माहितगार माणूस बोळातून वाट काढतो. तेथील कित्येक सोया एका टोकाला हमरस्त्यास मिळतात आणि दुसऱ्या टोकाला कोणाच्या तरी कुंपणाशी संपतात. म्हणजे आत राहणाऱ्या सर्वांनी एकाच तोंडाने बाहेर पडावयाचे आणि एकाच रस्त्यावर गर्दी करावयाची. १८८८ साली सुरू झालेली ट्राम १९६८ साली उखडली गेली आणि त्यानंतर तीस वर्षे हे शहर मोटारींवरच अवलंबून राहिले. १९९९ च्या डिसेंबरात पुलावरून धावणारी आगगाडी सुरू झाली आणि २००४ साली भुयारातली; तेव्हा कोठे लोकांना श्वास घेता आला. कोंडीत अडकलेल्या गाडीतच बाळंत होण्याची पाळी स्त्रियांवर येते, म्हणून तेथील वाहतूक पोलिसांच्या एका पथकास सुइणीचे प्राथमिक शिक्षण देण्यात आले आहे. एवढे सांगितल्यावर तेथील रस्त्यांविषयी अधिक काही सांगावयास नको.

यावरून आम्ही स्वतःपुरता एक नियम केला आहे : अशा शहरात संगमावर उतरावे. नद्यांचा संगम आपण पवित्र मानतो. प्रवाशाने वाहनांचा संगमही तितकाच मोलाचा मानावा. जेथे दोन प्रकारची रस्त्याबाहेरची वाहने एकत्र येतात, त्या जागेपासून दहा मिनिटांच्या पायवाटेत आपले बिऱ्हाड असावे.

बँकॉकात असे संगम चार-पाच आहेत. सियाम येथे उन्नत आगगाडीचे दोन मार्ग मिळतात आणि तेथून पूर्वेकडे चित लोम स्थानकापर्यंत रस्त्याच्या वरून चालण्याचा पूलच बांधलेला आहे. खाली कितीही कोंडी असो, चालणाऱ्यास तिची झळ नाही. याच वाटेवर राचप्रसोंगच्या चौकात चतुर्मुख ब्रह्मदेवाचे देवस्थान आहे. तेथे एका हॉटेलचे बांधकाम चालू असता विघ्नांमागून विघ्ने येऊ लागली, म्हणून १९५६ साली ही स्थापना झाली. आपल्याकडे ब्रह्मदेवाची देवळे शोधावी लागतात. तेथे मात्र भरचौकात फुलांच्या माळांनी त्याची मूर्ती झाकून जाते. दुसरा संगम अशोक येथे. तेथे पुलावरची गाडी आणि भुयारातली गाडी एकमेकींस मिळतात. नाव ऐकून आमच्या मातोश्री आनंदल्या होत्या. तिसरा फाया थाई. विमानतळावरून २०१० पासून धावणारी गाडी अर्ध्या तासाच्या आत तेथे आणून सोडते आणि तेथेच उन्नत गाडी मिळते. चौथा साफान ताक्सिन. येथे आगगाडी आणि नदी यांची गाठ पडते, कारण स्थानकाचा जिना उतरताच नावेचा धक्का लागतो. ज्यांस जुने शहर, राजवाडा आणि देवळे एवढेच पाहावयाचे असेल त्यांनी सनाम चाय या स्थानकाजवळ उतरावे. नदीखालून जाणारा भुयारी मार्ग २०१९ साली तेथवर आल्यापासून पूर्वी आडबाजूस असलेला तो भाग एकदम जवळचा झाला आहे.

हॉटेलच्या जाहिरातीत "जवळ" हा शब्द दिसला की प्रथम तो पुसून टाकावा आणि आपण स्वतः शोध करावा. नकाशात हॉटेलच्या दारापासून स्थानकाच्या जिन्यापर्यंत पायी वाट मोजावी. पक्ष्याच्या उड्डाणाचे अंतर आपल्या उपयोगाचे नाही. हल्ली नकाशातच रस्त्यांची छायाचित्रे पाहावयास मिळतात. घरबसल्या त्या वाटेने एकदा जाऊन यावे. पदपथ आहे काय, मध्ये मोठा रस्ता ओलांडावा लागतो काय, हे लगेच ध्यानात येते. घरक्रमांकांवरही विसंबू नये. सुखुमवित नावाचा जो प्रसिद्ध रस्ता आहे त्याच्या एका अंगास विषम आणि दुसऱ्या अंगास सम क्रमांकांच्या सोया आहेत. परंतु दोन्हीकडचे आकडे बरोबरीने वाढत नाहीत. ५५ व्या सोईच्या समोर ५४ वी किंवा ५६ वी येत नाही, ३८ वी येते. ६३ व्या समोर ४२ वी. आकडा जवळचा म्हणून हॉटेल जवळचे, असे समजणारा फसतो.

बरोबर वडीलधारी माणसे असतील तर आणखी एक चौकशी अगत्याची. उन्नत आगगाडीची स्थानके दोन-तीन मजले उंच आहेत आणि प्रारंभी त्यांतील बहुतेक ठिकाणी उद्वाहकच, म्हणजे आपण ज्याला लिफ्ट म्हणतो तेच, नव्हते. अपंग नागरिकांनी न्यायालयात दाद मागितली आणि २०१५ साली तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने सर्व २३ मूळ स्थानकांवर ती बसविण्याचा हुकूम दिला. तरीही लिफ्ट प्रत्येक जिन्यापाशी नसते. आपल्या हॉटेलच्या बाजूच्या दाराशी ती आहे काय, हे आधीच पाहून ठेवावे. नाही तर जवळचे हॉटेलही सासूबाईंच्या गुडघ्यांना लांबच.

आता वाटेवरच्या गोष्टी. तेथील वाहने आपल्याप्रमाणेच डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे रस्ता ओलांडताना गोंधळ होत नाही. पण मोटारसायकली पदपथावरूनही येतात, हे ध्यानात ठेवून शक्य तेथे पादचारी पूलच धरावा. सकाळी सात ते नऊ आणि सायंकाळी चार ते आठ या वेळांत टॅक्सीच्या वाटेस जाऊ नये. शुक्रवार, महिनाअखेर आणि पाऊस यांपैकी दोन गोष्टी एकत्र आल्या तर मुळीच जाऊ नये. मे ते ऑक्टोबर हा तेथील पावसाळा. टॅक्सीत बसण्यापूर्वी "मीटर" हा एक शब्द उच्चारावा. चालकाने मान हलविली नाही तर वाद न घालता पुढची गाडी पाहावी. मीटरचा आकडा ३५ बाटपासून सुरू होतो आणि गाडी उभी असतानाही तो चढत असतो, म्हणून कोंडीत बसून राहणे फुकटचे नसते. विमानतळावरून टॅक्सी केल्यास ५० बाट अधिक द्यावे लागतात आणि जलदमार्गाचा कर उतारूने भरावयाचा असतो. तीन चाकांच्या टुकटुकला मीटर नाही. मुलांच्या हौसेखातर एकदा बसावे, पण भाडे आधी ठरवून. सोईच्या तोंडाशी नारिंगी बंड्या घातलेले मोटारसायकलवाले उभे असतात. तरुणांच्या ते फार कामी येतात. आजीबाईंना त्यांच्यामागे बसविण्याचा विचार आम्हीसुद्धा केला नाही.

आणि ज्या नियमाने आमचा तो दिवस वाचला असता तो हा : टॅक्सी पंधरा मिनिटे एका जागी खिळली आणि जवळ स्थानक दिसत असले, तर झाले तेवढे पैसे देऊन खाली उतरावे. दिलेल्या पैशांचा मोह आणि "येथवर आलोच आहोत" हा हट्ट, यांपायी माणूस आणखी दोन तास घालवतो. त्या शुक्रवारी आम्ही चिरंजीवांचे ऐकून पहिल्याच स्थानकाशी उतरलो असतो, सियामला गाडी बदलून साफान ताक्सिन गाठले असते आणि तेथून नाव धरली असती, तर पाऊस पडत असूनही राजवाड्याच्या आत असतो.

नदीवरच्या नावांची गंमत और आहे. वेगवेगळ्या रंगांच्या निशाणांवरून कोणती नाव कोठे थांबते ते समजते. राजवाड्यास जाणाऱ्याने था चांग या धक्क्यावर उतरावे. नाव धक्क्याशी फार वेळ थांबत नाही; दोरवाला शीळ घालतो, नाव टेकते आणि लगेच निघते. तेव्हा वृद्ध माणसास आधीच दाराशी आणून उभे करावे आणि दोघांनी दोन्ही हात धरावेत. शहरातील सेन सेप कालव्यावरही वेगाने नावा धावतात. कोंडी टाळण्यास त्यांसारखे साधन नाही, परंतु त्यांच्या काठावरून चढउतर करणे अवघड आणि पाण्याचे शिंतोडे अंगावर येतात, म्हणून ती वाट तरुणांसाठी सोडावी.

राजवाड्याच्या आसपास एखादा नीटनेटका गृहस्थ भेटतो आणि "आज राजवाडा बंद आहे, मी तुम्हांस दुसरी देवळे दाखवितो," असे फार गोड बोलतो. त्याच्या टुकटुकमध्ये बसल्यास शेवटी रत्नांच्या दुकानाची पायरी चढावी लागते. त्याला नमस्कार करून सरळ दारापर्यंत चालत जावे. बंद आहे की उघडा हे दारच सांगते. आत जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. आपल्या पातळाला कोणाची हरकत नसते, पण मुलांच्या आखूड विजारी चालत नाहीत.

जेवणाचाही विचार जागा ठरवितानाच करावा, कारण भुकेल्या मुलांना घेऊन कोंडीतून शाकाहारी खाणावळ शोधण्याइतका दुसरा त्रास नाही. तेथील पुष्कळशा भाज्यांतही माशाचा रस घालतात. मात्र पिवळ्या निशाणावर तांबड्या अक्षरांत 'जे' असे लिहिलेले दुकान दिसले तर खुशाल आत जावे. त्या व्रताच्या अन्नात मांसमासे तर नसतातच, पण कांदा-लसूणही वर्ज्य असतो. चातुर्मास पाळणाऱ्या आमच्या मातोश्रींना ही दुकाने फार आपलीशी वाटली. आपल्याकडचे जेवण हवे असल्यास फाहुरत हा कापडबाजाराचा भाग किंवा सिलोम रस्त्यावरील मारिअम्मनच्या देवळाचा परिसर जवळ करावा.

हे सर्व नियम आम्ही करून ठेवले, पण त्यांचा उपयोग करण्यास सहा वर्षे गेली. मध्ये महामारीची वर्षे आली. मातोश्री ऐंशीच्या उंबरठ्याशी आल्या आणि त्यांना माणसांच्या आकृतींपलीकडे फारसे दिसेनासे झाले. २०२३ च्या दिवाळीत घरातूनच विषय निघाला : "आईंना एकदा तेथे परत नेऊ या." आम्ही म्हणालो, "आता नेऊन काय उपयोग? चित्रे तर त्यांना दिसणार नाहीत." मातोश्री आतल्या खोलीतून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "मला दिसत नाही रे, पण तुम्हांला दिसते ना? तुम्ही सांगा, मी ऐकते."

२०२४ च्या जानेवारीत आम्ही पुन्हा गेलो. या वेळी साफान ताक्सिनजवळ उतरलो. खोली इतकी लहान की एक पेटी उघडली तर दुसरी मिटावी लागे. भाडेही मागच्यापेक्षा बरेच अधिक. पण धक्का मातोश्रींच्या पावलांनी दहा मिनिटांवर होता. पहिल्याच दिवशी सकाळी साडेसातला निघालो, नदीवरचा गार वारा घेत था चांगला उतरलो आणि वाटेत दोनदा बसत-उठत राजवाड्याच्या दाराशी पोहोचलो, तेव्हा साडेआठ वाजून दार नुकतेच उघडत होते.

ओवरीत फारशी गर्दी नव्हती. चिरंजीव आजीचा हात धरून चालू लागले आणि प्रत्येक चित्र सांगू लागले. "आजी, येथे दहा तोंडांचा रावण आहे, अंगाने हिरवा." "हिरवा? असेना. नाव काय म्हणतात त्याचे?" "तोसाकान." "म्हणजे दशकंठ," मातोश्री लगेच म्हणाल्या. पुढे एक प्रचंड पांढरा वानर होता आणि त्याच्या उघड्या तोंडात मंडप धरलेला. चिरंजीवांस अर्थ लागेना. मातोश्रींनी क्षणभर विचार केला. "अरे, हा अहिरावण-महिरावणाचा प्रसंग! राम झोपला आहे आणि त्याला चोरून नेतील म्हणून मारुती पहारा करतो. आपल्याकडे तो शेपटीचा कोट करतो. यांनी रामाला तोंडातच लपविले." पलीकडे सेतूपाशी पाण्यातून वर आलेली मत्स्यकन्या आणि तिच्याशी लडिवाळपणे बोलणारा मारुती पाहून चिरंजीव जरा अडखळले. तेथल्या कथेत ती रावणाची कन्या आणि मारुतीची प्रिया आहे, हे त्यांनी भीतभीतच सांगितले. मातोश्री थबकल्या. "मारुतीची? अरे, मकरध्वजाची गोष्ट असेल ती, पण ती घामाच्या थेंबाची! ब्रह्मचारी मारुतीला यांनी बायको दिली काय?" आणि तोंडाला पदर लावून त्या इतक्या हसल्या की पुढे उभी असलेली परदेशी मंडळी वळून पाहू लागली.

दोन तास तसे गेले. चित्र चिरंजीव सांगत आणि गोष्ट आजी. मागून चालताना घरातून हळूच शब्द आले, "त्या वेळी त्यांना दिसत होते हो." आम्हांस उत्तर नव्हते. साडेअकराला आम्ही खोलीवर परत आलो आणि मातोश्री दुपारभर स्वस्थ झोपल्या. दुपारी परत येता येणे हे जवळच्या बिऱ्हाडाचे मोठे सुख. लांब उतरलेल्याला सकाळी बाहेर पडले की वृद्धांना रात्रीपर्यंत ओढत न्यावे लागते. सायंकाळी उठल्यावर त्या म्हणाल्या, "उद्या पुन्हा जाऊ या का? लंका जळताना नीट ऐकली नाही मी." आणि दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. पहिल्या हॉटेलातून हे कसे जमले असते?

नाशिकच्या भगिनीस आमचे उत्तर असे आहे. हॉटेलचे नाव आम्ही सुचवीत नाही. नावे आणि भावही बदलतात. आपण नकाशा उघडून संगम शोधावा, पायी वाट मोजावी, लिफ्ट पाहावी आणि मग त्या वर्तुळात जे स्वच्छ आणि परवडणारे असेल ते घ्यावे. खोली लहान मिळाली तरी हरकत नाही. जी गोष्ट घरातल्या वडील माणसाच्या मनात आहे ती पहिल्या दिवशी, सकाळच्या वेळी करावी. शेवटच्या दिवसावर टाकावयाची तर आपली खरेदी टाकावी. आमचे वाचलेले २८०० बाट कशात खर्च झाले हे आज आम्हांस आठवतही नाही.

परत आल्यावर प्रवास कसा झाला ते अवश्य कळवावे. सासूबाईंना आमचा आणि मातोश्रींचा नमस्कार सांगावा.